जुन्या लाकडी होडीला मूळ घडण कशी द्यावी?

बीदर जिल्ह्यातील कमलनगर हे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे, २०१८ मध्ये तालुक्याचा दर्जा मिळालेले ठिकाण होय. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. येथील सुताराचा हात होडीपेक्षा बैलगाडी, औत आणि दारे-खिडक्यांच्या चौकटी यांवरच अधिक बसलेला असतो. तथापि हा सारा परिसर मांजरा नदीच्या खोऱ्यात मोडतो. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी लातूर व बीदर जिल्ह्यांतून वाहत तेलंगणात जाते आणि शेवटी गोदावरीस मिळते. नदी, तलाव आणि धरणांचे जलाशय जेथे आहेत तेथे मासेमारीसाठी व पैलतीरी जाण्यासाठी माणसाला होडीचा आधार घ्यावाच लागतो.

दख्खनच्या नद्यांवर पूर्वी गोल टोपलीसारख्या, चामड्याने मढविलेल्या होड्या चालत. कानडीत त्यांना ‘हरिगोलु’ म्हणतात. सोळाव्या शतकात विजयनगरास आलेल्या डोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवरील अशा होड्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. या होड्या सरळ न जाता सतत गरगर फिरतात, हे त्याने आवर्जून नोंदविले. लाकडी होडी सरळ चालते ती तिच्या लांबट, निमुळत्या घडणीमुळे. ही घडण बिघडली की होडीचा गुणही जातो. म्हणूनच जुन्या होडीची दुरुस्ती म्हणजे केवळ भोके बुजविणे आणि रंग देणे नव्हे, तर तिचा हरवलेला आकार तिला परत मिळवून देणे होय. हे काम कसे करावे, त्यासाठी कोणते ज्ञान लागते आणि ते ज्ञान आपल्या खेड्यांत कोठे दडलेले आहे, याचा विचार या पाठात केला आहे.

आकाराचे महत्त्व

होडीचा आकार हा शोभेचा भाग नसून सुरक्षिततेचा भाग आहे. होडी एका बाजूस कलली की ती पुन्हा सरळ होऊ पाहते. ही सावरण्याची शक्ती मुख्यतः तिच्या पाण्याच्या पातळीवरील रुंदीमुळे मिळते आणि ती रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. उदाहरणार्थ, मूळ ९० सेंटिमीटर रुंद असलेल्या होडीच्या बाजू आत झुकून ती ८१ सेंटिमीटर रुंद झाली, तर रुंदी फक्त १० टक्क्यांनी घटली असे वाटेल. परंतु ०.९ या संख्येचा घन ०.७२९ येतो. म्हणजेच रुंदीमुळे मिळणारी सावरण्याची शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी कमी होते. नावाड्याला होडी ‘हलकी लागते’ किंवा ‘अंगावर येते’ असे जे जाणवते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

रुंदीप्रमाणेच तळाची रेषाही महत्त्वाची आहे. तळाचा मध्यभाग खाली लोंबला तर होडी जागच्या जागी फिरू लागते व सरळ मार्ग धरीत नाही. याउलट दोन्ही टोके खाली झुकून मध्यभाग वर उचलला गेला तर टोके पाण्यात अधिक बुडतात, लाट सहज आत येते आणि होडी वळविणे जड जाते. संपूर्ण होडीला पीळ बसला असेल तर ती रिकामी असतानाही एका अंगाला कलते. अशा होडीत पुराच्या पाण्यात माणसे बसविणे म्हणजे अपघातास निमंत्रण देण्यासारखे आहे.

आकार बिघडण्याची कारणे

पहिले कारण म्हणजे लाकडाचे वाळणे. लाकूड पाणी शोषून फुगते आणि पाणी गमावून आक्रसते. पण ते सर्व दिशांनी सारखे आक्रसत नाही. ओले सागवानी लाकूड पूर्णपणे सुकविल्यास वार्षिक वलयांच्या दिशेने ते सुमारे ५ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे अडीच टक्के घटते. लांबीच्या दिशेने मात्र ही घट नगण्य असते. वलयांच्या दिशेने कापलेली २० सेंटिमीटर रुंदीची फळी पूर्ण सुकली तर जवळजवळ एक सेंटिमीटरने अरुंद होईल. उघड्या हवेत लाकूड इतके पूर्ण कधीच सुकत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष घट याहून कमी असते. तरीही पाच-सहा फळ्यांच्या सांध्यांतून सूर्यप्रकाश दिसू लागण्यास ती पुरेशी होते. दोन दिशांची घट असमान असल्यामुळे फळी वाकडी होते व तिच्या कडा गाभ्याच्या विरुद्ध बाजूस वळतात.

बीदर, लातूर भागातील उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. पाण्यातून काढलेली होडी अशा उन्हात उघडी ठेवली तर तिचा बाहेरचा भाग लवकर सुकतो, आतला भाग ओला राहतो आणि या ओढाताणीत लाकूड तडकते. एकाच ओंडक्यातून कोरलेल्या होडीला मराठीत ‘डोण’ किंवा ‘डोणी’ म्हणतात. गुरांना पाणी पाजण्याच्या कोरीव कुंडालाही हाच शब्द आहे. अशा डोणीला प्रथम टोकांकडून चिरा पडतात, कारण टोकांच्या उघड्या तंतूंतून पाणी सर्वांत वेगाने बाहेर पडते.

दुसरे कारण चुकीचा आधार. होडी दोन टोकांखाली दगड ठेवून वर्षभर ठेवली की मधला भाग स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली येतो. केवळ मध्यभागी आधार दिला तर टोके झुकतात. आधाराचे दगड समपातळीत नसतील तर होडीला पीळ बसतो. अल्प भार दीर्घकाळ राहिल्यास लाकूड त्या आकारात कायमचे बसते.

तिसरे कारण पावसाचे साठलेले पाणी. पाच मीटर लांब व सरासरी ७० सेंटिमीटर रुंद होडीत केवळ २० सेंटिमीटर पाणी साठले तर त्याचे आकारमान ०.७ घनमीटर, म्हणजे वजन ७०० किलोग्रॅम होते. क्विंटलभराची सात पोती होडीत महिनोन् महिने ठेवण्यासारखेच हे आहे.

चौथे कारण आतील आधारांचे निकामी होणे. होडीच्या आतील वाकड्या फासळ्या आणि दोन काठांना जोडणारे आडवे दांडे हेच तिचा आकार धरून ठेवतात. बसण्यास अडचण होते म्हणून आडवा दांडा काढून टाकणे, मोडलेली फासळी तशीच ठेवणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींमुळे बाजू फाकतात किंवा आत येतात.

पाचवे कारण कूज. लाकडातील ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिला आणि हवाही मिळाली तर कुजविणाऱ्या बुरशीला वाव मिळतो. ओल्या मातीवर थेट टेकलेला तळ आणि पाणी साचणारे कोपरे ही तिची आवडती ठिकाणे होत.

ज्ञान गावातच आहे

होडीचे शास्त्र किनाऱ्यावरच्या माणसालाच ठाऊक, असा एक समज आहे. तो पूर्णांशाने खरा नाही. लाकडी चाकाची बैलगाडी वापरणाऱ्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात चाक खिळखिळे होते आणि पाण्यात ठेवले की पुन्हा घट्ट होते, हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. चाकावर लोखंडी धाव चढविताना ती शेण्यांच्या आगीत तापवून प्रसरण पावू देतात आणि चढविल्यावर पाणी ओतून आकुंचित करतात. धातू, लाकूड, उष्णता व पाणी यांच्या संबंधांचे हे प्रत्यक्ष प्रात्यक्षिकच होय. बुरूड बांबूच्या कांबी भिजविल्याशिवाय टोपली विणीत नाही. ओलावा लाकडाला नमवितो, घाई त्याला मोडते, हा होडी दुरुस्तीचा मूलमंत्र या दोन्ही व्यवसायांत आधीपासूनच आहे.

दुर्दैवाने रबरी चाकांच्या गाड्या आल्यापासून लाकडी चाक जोडणारे सुतार कमी झाले. त्यांच्याजवळील माप, अंदाज आणि हाताचे कसब कागदावर उतरलेले नाही. हीच स्थिती किनाऱ्यावरील होड्यांची आहे. कोकणात एका बाजूस ‘उलांडी’ म्हणजे तरंगता दांडा जोडलेल्या होड्या चालत आल्या आहेत. त्या बांधणारे कारागीर नकाशा न काढता नजरेने आकार ठरवीत. कारागीर गेला की त्याच्याबरोबर आकारही जातो.

हरवलेला आकार पुन्हा शोधणे किती कष्टाचे असते, याचे एक अलीकडील उदाहरण बोधप्रद आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकातील भित्तिचित्रात एक जहाज रंगविलेले आहे. त्या चित्राच्या आधारे, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून तसे जहाज बांधण्याचा प्रकल्प सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांनी २०२३ मध्ये हाती घेतला. केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली हे काम झाले. जुना आराखडा कोठेही उपलब्ध नव्हता. चित्र सपाट असते आणि जहाज भरीव असते. त्यामुळे चित्रावरून आकार निश्चित करून मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने त्याच्या नमुन्याची चाचणी घ्यावी लागली. मे २०२५ मध्ये कारवार येथे हे जहाज ‘कौंडिन्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस ते पोरबंदरहून मस्कतकडे निघाले व जानेवारी २०२६ मध्ये तेथे पोहोचले. जे माप एखाद्या कारागिराच्या वहीत दोन पानांत राहू शकले असते, त्याच्या अभावी एवढा खटाटोप करावा लागला, हा यातील धडा आहे.

पहिली पायरी : मोजमाप

म्हणून जुन्या होडीला हात लावण्यापूर्वी तिचे मोजमाप घ्यावे. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. सुताराचा ओळंबा, गुण्या, पाणसळ, मोजपट्टी, सुतळी आणि एक वही एवढे साहित्य पुरते.

होडी सावलीत, समपातळीवर, अनेक ठिकाणी आधार देऊन ठेवावी. पुढच्या टोकापासून, म्हणजे नाळेपासून, मागच्या टोकापर्यंत बरोबर मध्यावरून सुतळी ताणून बांधावी. सुतळीचे दहा समान भाग करून खुणा कराव्यात. प्रत्येक खुणेपाशी सुतळीपासून तळापर्यंतची खोली तसेच डाव्या व उजव्या काठापर्यंतचे अंतर मोजून तक्त्यात लिहावे. डावे व उजवे आकडे शेजारी मांडले की कोणती बाजू कोठे आत आली वा बाहेर गेली हे स्पष्ट दिसते. बहुतेक होड्या दोन्ही अंगांनी सारख्या असतात, त्यामुळे कमी बिघडलेली बाजू ही अधिक बिघडलेल्या बाजूचा नमुना ठरते.

पीळ पाहण्याची रीत आणखी सोपी आहे. दोन सरळ पट्ट्या होडीच्या काठांवर, एक पुढे व एक मागे, आडव्या ठेवाव्यात. एका टोकाशी बसून एका डोळ्याने दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा जुळवून पाहाव्यात. त्या समांतर दिसल्या नाहीत तर होडीला पीळ बसला आहे असे समजावे.

मूळ आकाराचे साक्षीदार होडीवरच असतात. खिळ्यांची जुनी भोके, फासळी बसत असे तेथील न विटलेला पट्टा, पाण्याच्या पातळीची जुनी रेघ, वल्ह्याने झिजलेली कड, या सर्वांची नोंद घ्यावी. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ घटत नसल्यामुळे काठाच्या न तुटलेल्या फळीची लांबी हे सर्वांत विश्वसनीय माप होय. रुंदी फसवू शकते; लांबी सहसा फसवीत नाही. काठाची लांबी व दोन टोकांमधील सरळ अंतर ही दोन्ही मापे हाती आली की काठाची वक्रता किती असली पाहिजे याचा अंदाज बांधता येतो.

दुसरी पायरी : कुजलेला भाग ओळखणे

टोकदार टोच्याने संपूर्ण होडी, विशेषतः तळ, टोके व फासळ्यांखालील जागा तपासावी. टोच्या सहज आत शिरला व लाकडाचा भुगा झाला तर तो भाग कुजला आहे. कुजलेले लाकूड वाकत नाही, ते तुटते. म्हणून कुजलेल्या फासळीच्या किंवा फळीच्या जागी त्याच जातीचे किंवा त्यासारख्या गुणाचे निरोगी लाकूड बसवावे लागते. निरोगी जुने लाकूड मात्र शक्य तितके राखावे. काढलेला प्रत्येक तुकडा त्यावर क्रमांक घालून, नवा तुकडा बसेपर्यंत जपून ठेवावा, कारण तोच नव्या तुकड्याचा नमुना असतो.

तिसरी पायरी : ओलावा परत देणे

वाळलेली होडी दोरखंडाने एकदम ओढली तर ती फुटणारच. आधी तिला ओलावा परत द्यावा. होडी सावलीत ठेवून आतून-बाहेरून ओल्या गोणपाटांनी झाकावी आणि दिवसातून दोन-तीन वेळा गोणपाट भिजवावे. होडीत एकदम पाणी भरू नये. त्याचा भार किती होतो हे वर पाहिलेच आहे. जाडीप्रमाणे या कामास काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. पुष्कळदा एवढ्यानेच निम्म्या फटी मिटतात. म्हणून भिजविण्यापूर्वीच फटींत घट्ट पाचरी किंवा सिमेंट भरणे ही मोठी चूक ठरते. फळी फुगू लागली की तिला जागा उरत नाही आणि ती शेजारच्या फळीला ढकलून आकार अधिकच बिघडविते.

चौथी पायरी : साचा व ताण

मोजमापाच्या तक्त्यावरून निदान तीन ठिकाणचे, म्हणजे मध्यभागाचे व दोन्ही टोकांजवळचे, आडवे साचे प्रथम पुठ्ठ्याचे व नंतर फळीचे कापावेत. बाजू आत आल्या असतील तर साचे आतून, फाकल्या असतील तर बाहेरून लावावेत. तळ लोंबला असेल तर त्याखाली पाचरींच्या जोड्या ठेवून त्या थोड्या थोड्या ठोकाव्यात. फाकलेल्या बाजू जवळ आणण्यासाठी दोन्ही काठांभोवती दुपदरी दोर बांधून त्यात काठी घालावी व काठीला पीळ द्यावा. दोराखाली लाकडाचे तुकडे व गोणपाट ठेवावे, नाहीतर काठावर वळ उमटतात.

येथे उष्णतेचा उपयोग होतो. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी सांधणारे द्रव्य ओल्या उष्णतेने मऊ होते. उकळत्या पाण्यात भिजविलेली फडकी किंवा वाफ यांनी लाकूड तापविल्यास ते नमते. नवीन फासळी वाकवायची असेल तर एक इंच जाडीस सुमारे एक तास वाफ देण्याचा सुतारांचा संकेत आहे. वाफ दिलेले लाकूड आतल्या बाजूने पुष्कळ दाबले जाऊ शकते, परंतु बाहेरच्या बाजूने ते एक-दोन टक्क्यांपेक्षा अधिक ताणले जात नाही. म्हणून वाकविताना लाकूड बहुधा बाहेरच्या बाजूसच तडकते. तडा जाण्यापूर्वी येणारा बारीक ‘कर्र’ आवाज ऐकू आला की तेथेच थांबावे.

ओल्या उष्णतेची ही युक्ती जगातील अनेक समाजांनी स्वतंत्रपणे शोधली. एस्टोनिया देशातील सूमा या दलदलीच्या प्रदेशात कोरलेल्या ओंडक्याच्या बाजू पाणी व आगीची धग यांच्या साहाय्याने हळूहळू फाकवून होडी तयार करतात. ही कला लुप्त होण्याच्या मार्गावर असल्यामुळे २०२१ मध्ये युनेस्कोने तातडीने जतन करावयाच्या वारशाच्या यादीत तिचा समावेश केला. तेथील कारागीरही एका दमात बाजू फाकवीत नाहीत. लाकूड मागेल तेवढाच वेळ देतात.

दररोज किती ओढावे याचा एकच नियम सर्व होड्यांना लागू करता येत नाही. तरी दिवसाकाठी काही मिलिमीटर इतकीच प्रगती व्हावी, रात्री विश्रांती द्यावी आणि सकाळी पुन्हा मोजून मगच पुढे जावे, ही पद्धत सुरक्षित आहे. ताण सोडल्यावर लाकूड थोडे मागे सरकते; म्हणून आवश्यकतेपेक्षा किंचित अधिक ओढून ठेवावे लागते.

पाचवी पायरी : आकार बांधून ठेवणे

होडी साच्यात बसली म्हणजे काम संपले असे नव्हे. दोर व साचे तसेच ठेवून नव्या फासळ्या व आडवे दांडे बसवावेत. एकाआड एक फासळी बदलावी. सर्व जुन्या फासळ्या एकाच वेळी काढल्यास होडीला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. साधे लोखंडी खिळे ओल्या लाकडात गंजतात आणि भोवतालचे लाकूडही खातात. शक्य असल्यास तांब्याचे खिळे किंवा लाकडी खुंट्या वापराव्यात.

त्यानंतर होडी साच्यातच सावलीत हळूहळू सुकू द्यावी. टोकांच्या उघड्या तंतूंना तेल किंवा मेण लावल्यास तेथून ओलावा झपाट्याने जात नाही. लाकूड पुरेसे स्थिरावल्यावर सांध्यांत कापूस किंवा काथ्या व राळ भरावी. शेवटी तेलाचा हात द्यावा. पश्चिम किनाऱ्यावर यासाठी माशांचे तेल व काजूच्या टरफलांचे तेल वापरीत आले आहेत.

साचे काढल्यावर सर्व मापे पुन्हा घेऊन जुन्या तक्त्याशेजारी लिहावीत. मग कमरेइतक्या उथळ, संथ पाण्यात रिकामी होडी उतरवावी. ती कलते का, पाणी कोठून येते, हे पाहावे. प्रथम वाळूची पोती ठेवून भाराची चाचणी घ्यावी. माणसे नंतर बसवावीत.

जतन करावयाच्या होडीबाबत

प्रत्येक जुनी होडी पुन्हा पाण्यात घालणे योग्य नसते. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. नदीपात्रात किंवा तलावाच्या गाळात अशी डोण सापडल्यास ती ओढून बाहेर काढून उन्हात ठेवू नये. गाळातील लाकूड पाण्याच्या आधारानेच आकार टिकवून असते. उन्हात ते काही दिवसांतच आक्रसून चुरगळते. ती आहे तेथे ओली ठेवून पुरातत्त्व विभागास कळवावे.

स्वीडनमधील ‘वासा’ या युद्धनौकेचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत, बंदराबाहेर पडतापडता ही नौका कलंडून बुडाली. तोफा व मजले यांचा वरचा भार तिच्या आकाराला पेलणारा नव्हता. १९६१ मध्ये ती बाहेर काढण्यात आली. लाकूड आक्रसू नये म्हणून १९६२ पासून १९७९ पर्यंत, सतरा वर्षे, तिच्यावर मेणासारख्या द्रव्याचा फवारा करण्यात आला. त्यानंतरही तिच्या आकारात होणारे सूक्ष्म बदल मोजण्याचे काम चालू ठेवावे लागले आहे. अशा वस्तूचा आकार ओढून सरळ करावयाचा नसतो. तिला योग्य आधार देऊन आहे तो आकार टिकवावयाचा असतो.

शाळेतील प्रयोग

हा विषय शिक्षकांना प्रयोगातून शिकविता येईल. बांबूच्या एकाच कांबीतून सारख्या लांबीच्या व जाडीच्या तीन पट्ट्या कराव्यात. एक कोरडी ठेवावी, दुसरी रात्रभर पाण्यात भिजवावी व तिसरी भिजवून शिक्षकाने स्वतः गरम पाण्याने शेकावी. तिन्ही पट्ट्या दोन विटांवर आडव्या ठेवून मध्यभागी सारखे वजन टांगावे आणि पट्टी किती खाली वाकते हे मोजावे. वजन दिवसभर तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी काढावे. कोणती पट्टी पूर्ववत सरळ झाली आणि कोणती वाकलेलीच राहिली, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. दोन विटांवर ठेवलेली होडी का लोंबते आणि वाफ दिलेली फासळी आकार का धरते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांना स्वतःच सापडतील.

गावातील वृद्ध सुताराला एक दिवस शाळेत बोलावून चाक कसे जोडीत, माप कसे घेत, लाकूड कसे निवडीत, हे विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे. हा लेखी ठेवा शाळेच्या दप्तरी राहिल्यास तो पुढील पिढीच्या उपयोगी पडेल.

देखभाल व जबाबदारी

बिघडलेला आकार सुधारण्यापेक्षा तो बिघडू न देणे केव्हाही स्वस्त पडते. पाण्याबाहेर ठेवलेली होडी सावलीत, जमिनीपासून हातभर उंच, निदान तीन-चार समपातळीतील आधारांवर पालथी ठेवावी. खालून वारा खेळता असावा. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, सुतळी ताणून तिची मापे घ्यावीत व मागील वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहावीत. फरक मिलिमीटरमध्ये असतानाच लक्षात आला तर एखादी पाचर वा एखादी फासळी पुरते. तो हातभर झाल्यावर कळला तर नवी होडीच करावी लागते.

ज्या घाटांवर अजूनही होडीने माणसांची ने-आण होते तेथे ग्रामपंचायतीने व संबंधित अधिकाऱ्यांनी ही मापे पाहण्याचा आग्रह धरावा. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ यामध्ये यंत्राविना चालणाऱ्या होड्यांचाही विचार केलेला आहे. परंतु कायदा कागदावर असून भागत नाही. होडीच्या दोन काठांमधील अंतर मोजणारा माणूस घाटावर असावा लागतो. नव्या रंगाने झाकलेली जुनी होडी डोळ्यांना फसविते, सुतळी व ओळंबा मात्र फसत नाहीत.

होडीचा आकार हे अनेक हातांनी, अनेक वर्षांत साठविलेले ज्ञान आहे. ते लाकडात असते तोवर दिसते. लाकूड कुजले की जाते. वहीत उतरले तर मात्र राहते. कमलनगरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या भागातील सुतारालाही मोजमापाची ही वही वाचून मांजरेच्या पाण्यात चालणारी होडी नीट करता येईल. त्यासाठी लाकडाइतकाच धीर आणि कसबाइतकीच नोंद आवश्यक आहे.